नाशिकवरचा ताण: माणसे किती, कुठे आणि कधी आली

पाथर्डी फाट्याजवळ भाड्याने राहणाऱ्या एका तरुणाने तीन प्रश्न एकदम विचारले आहेत. नाशिकचे पाणी, गटारे, कचरा, दवाखाने, रस्ते असे सगळेच अपुरे पडते आहे, ते लोकसंख्या वाढल्यामुळेच ना? तसे असेल तर दोन मुलांचा कायदा कडक केला की प्रश्न सुटेल का? आणि जाता जाता, त्याच भागात फ्लॅट घ्यावा म्हणतो, पाणी पुरेल का?

माझी सगळी नोकरी पाणीपुरवठा आणि मलनिस्सारणात गेली. त्यामुळे रस्ते आणि दवाखान्यांविषयी मी दोन शब्दच बोलेन, पाणी आणि गटार यांवर मात्र जरा लांबण लागेल. पहिल्या प्रश्नाला माझा अर्धा होकार आहे, दुसऱ्याला सरळ नकार. तिसऱ्याचे उत्तर शेवटी देतो, कारण ते कळायला मधले सगळे वाचावे लागेल.

आधी आकडे. महापालिका झाली १९८२ च्या नोव्हेंबरात. जुने नाशिक, नाशिकरोड-देवळाली, सातपूर आणि आजूबाजूची खेडी एकत्र करून. १९९१ च्या जनगणनेत या शहरात ६ लाख ५७ हजार माणसे होती, २००१ मध्ये १० लाख ७७ हजार, २०११ मध्ये १४ लाख ८६ हजार. म्हणजे नव्वदच्या दशकात वाढ ६४ टक्के आणि पुढच्या दशकात ३८ टक्के. आता जन्म-मृत्यूचा हिशेब घाला. नुसत्या जन्मांमुळे त्या काळात दहा वर्षांत फार तर वीस-बावीस टक्के वाढ होऊ शकत होती. उरलेली माणसे पाळण्यातून आली नाहीत, एसटीने आणि रेल्वेने आली.

ती कुठून आली हे नाशिकच्या सिडको वसाहतीत चार घरे फिरलात तरी कळते. सातपूर आणि अंबडच्या एमआयडीसीत काम मिळाले म्हणून जळगाव-धुळ्याकडची माणसे आली, कसमादे, म्हणजे कळवण-सटाणा-मालेगाव-देवळा पट्ट्यातली आली, येवला-नांदगावसारख्या कोरड्या तालुक्यांतली आली. नंतर उत्तर प्रदेश-बिहारची आली. मुलांच्या शिक्षणासाठी गावची शेती वाट्याने देऊन इथे खोली घेणारे तर आजही येताहेत. दोन मुलांचा कायदा कितीही कडक केला तरी चोपड्याचा आयटीआय झालेला पोरगा अंबडला यायचा थांबणार नाही.

शिवाय कायदा नाही असेही नाही. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे मूल झालेल्याला महाराष्ट्रात ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत निवडणूक लढवता येत नाही. सरकारी नोकरीसाठी लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र २००५ च्या नियमांपासून लागते. आणि मुलांची संख्या तर कायद्याची वाट न बघताच खाली आली आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी १.७ मुले निघाली. लोकसंख्या पिढी दर पिढी तेवढीच राहायला २.१ लागतात. तरीही एकूण आकडा आणखी काही वर्षे वाढत राहील, कारण आधीच्या मोठ्या कुटुंबांत जन्मलेली पिढी आज लग्नाच्या आणि मुले होण्याच्या वयात आहे. प्रत्येक घरी एक-दोनच मुले, पण अशी घरेच पुष्कळ. हा वेग अंगभूत असतो, तो आज ब्रेक दाबून आज थांबत नाही.

मग ताण येतो कुठून? माझ्या मते माणसांच्या आकड्यापेक्षा त्यांच्या येण्याचा आणि नळ-गटार येण्याचा क्रम चुकल्यामुळे. आपल्याकडे आधी लेआउट पडतो, मग इमारत, मग माणसे, मग मोर्चा, आणि मग पाइप.

हे जवळून दाखवतो. ऐंशीच्या दशकातली एखादी रो-बंगल्यांची कॉलनी घ्या. चाळीस प्लॉट, घरटी पाच माणसे, एकूण दोनशे. माणशी रोज १३५ लिटर हे आपल्याकडचे शहरी प्रमाण, म्हणजे रोजची गरज २७ हजार लिटर. सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास पाणी सोडले तर चार इंची पाइपातून सेकंदाला पावणेचार लिटर वाहतात, वेग अर्धा मीटर. पाइपाला काही जड नाही. आता तिथले बंगले पाडून प्रत्येक प्लॉटवर बारा फ्लॅट होतात. घरटी चार माणसे धरली तरी दोनशेंची १,९२० झाली, गरज दोन लाख ५९ हजार लिटरवर गेली. पाइप तोच. तेवढे पाणी त्याच दोन तासांत द्यायचे तर पाण्याला सेकंदाला साडेचार मीटरने धावावे लागेल. वितरणाच्या नळात आम्ही एक मीटरच्या आसपास वेग धरतो. आणि हेझन-विल्यम्सच्या सूत्राने हिशेब केला तर पाइपाच्या घर्षणात जाणारा दाब पूर्वीच्या साठपटीहून जास्त होतो. कुठलाही जलकुंभ एवढा उंच नसतो.

अशा वेळी दोनच गोष्टी होतात. पाणी सोडायची वेळ वाढते, नाहीतर शेवटच्या घराला पाणीच पोचत नाही. वेळ वाढवायची तर त्याच जलकुंभावरच्या दुसऱ्या कॉलनीची वेळ कापावी लागते. व्हॉल्व्हमनच्या वहीत हे सगळे स्पष्ट लिहिलेले असते: अमुक व्हॉल्व्ह पावणेपाचला उघडला, तमुक सव्वासहाला बंद केला. नागरिक चिडतात व्हॉल्व्हमनवर. त्या बिचाऱ्याच्या हातात चावी आहे, पाणी नाही.

मग लोक आपापली सोय करतात. इमारतीखाली जमिनीत संप म्हणजे साठवणीची टाकी, त्यावर मोटर. काहीजण सरळ नळालाच मोटर लावतात. हे बेकायदा आहे हे सर्वांना ठाऊक असते आणि लावतात सगळेच. जो आधी ओढतो त्याला मिळते, रेषेच्या शेवटी असलेल्या वस्तीला पाइपाची हवा. त्यातही वाईट म्हणजे पाणी बंद झाल्यावर रिकाम्या पाइपात पोकळी होते आणि मोटरने ती आणखी वाढते. शेजारून गटार गळत असेल तर ते जोडातून आत ओढले जाते. कावीळ आणि जुलाबाच्या साथीत आम्ही नकाशावर खुणा करत बसायचो तेव्हा बहुतेक खुणा अशाच जागी पडत: नळ आणि गटार एकाच चरात, आणि नळाला दिवसाचे बावीस तास पाणी नाही.

आता हा पाइप आधीच मोठा का टाकत नाहीत, असे कोणीही विचारील. टाकतात, पण अंदाजावर. पाणीयोजनेचे आयुष्य साधारण तीस वर्षे धरतात, पंपांचे पंधरा. तीस वर्षांनी किती माणसे असतील हे मागच्या जनगणनांवरून काढायचे. इथे गंमत बघा. १९९१ आणि २००१ चे आकडे हातात घेऊन २०११ चा अंदाज काढला तर अंकगणिती पद्धतीने, म्हणजे दर दहा वर्षांत तेवढीच माणसे वाढतील असे धरून, १४ लाख ९७ हजार येतात. प्रत्यक्षात निघाली १४ लाख ८६ हजार. नेम बरोबर लागला. भूमितीय पद्धतीने, म्हणजे त्याच टक्क्याने वाढ धरून, साडेसतरा लाखांच्या वर जाते. ज्याने ही दुसरी पद्धत धरली असेल त्याची योजना पावणेतीन लाख माणसांनी जास्तीची झाली असती.

हाच खेळ २०११ पासून २०२७ साठी करा. एका पद्धतीने २१ लाख ४० हजार येतात, दुसरीने पावणेपंचवीस लाखांच्या पुढे. साडेतीन लाखांचा फरक. १३५ लिटरने धरले तर रोजचे पावणेपाच कोटी लिटर. एवढ्या पाण्याचे शुद्धीकरण केंद्र बांधायचे की नाही हे आपण अंदाजावर ठरवतो, कारण २०२१ ची जनगणना झालीच नाही. येत्या जनगणनेचा संदर्भ दिनांक आता १ मार्च २०२७ ठरला आहे. तोवर प्रभागरचनाही २०११ च्याच लोकसंख्येवर.

जनगणना लांबली की फक्त इंजिनिअरची पंचाईत होते असे नाही. रेशनचे उदाहरण घ्या. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात महाराष्ट्राच्या शहरी भागातले ४५.३४ टक्के लोक धरले आहेत, आणि ही टक्केवारी २०११ च्या लोकसंख्येला लावून राज्याचा इष्टांक, म्हणजे लाभार्थ्यांचा ठरवून दिलेला कमाल आकडा, गोठवला आहे, साधारण सात कोटींवर. त्यानंतर शहरात आलेल्या गरीब कुटुंबाने अर्ज केला तर ‘इष्टांक शिल्लक नाही’ असे उत्तर मिळते. कोणी अपात्र ठरून कमी झाला तरच जागा रिकामी होते. माणूस शहरात राबतो, कचरा उचलतो, सेंट्रिंग बांधतो, पण मोजणीत अजून गावाकडेच आहे.

दवाखान्याचेही तसेच. शहरात ५० हजार माणसांमागे एक नागरी आरोग्य केंद्र असे प्रमाण आहे, खेड्यात ३० हजारांमागे आणि आदिवासी-डोंगरी भागात २० हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. हे प्रमाण कागदावर जुळले तरी सिव्हिलच्या ओपीडीत सकाळी जाऊन बघा. केसपेपरच्या रांगेत पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरीची माणसे असतात, कारण तिथल्या केंद्रात इमारत असते आणि डॉक्टर नसतो. नाशिक शहराची लोकसंख्या भागिले खाटा हा हिशेब म्हणूनच फसवा आहे. भागाकारातला वरचा आकडा शहराचा नसतो, अर्ध्या जिल्ह्याचा असतो.

आता धरणांकडे येतो, कारण ‘नाशिकला काय, धरणांचा जिल्हा’ हे वाक्य मी फार ऐकले आहे.

गंगापूर धरण १९६५ मध्ये पूर्ण झाले. बांधले तेव्हा साठवण ७,२०० दलघफू होती, दलघफू म्हणजे दशलक्ष घनफूट. गाळ साचत गेला आणि आज ती ५,६३० दलघफू धरतात. म्हणजे शहर काही पटींनी वाढले त्याच काळात धरणाचा पाचवा हिस्सा मातीने भरला. हा गाळ आकाशातून पडत नाही. ब्रह्मगिरी आणि त्याच्या आजूबाजूचे डोंगर उघडे पडतात, रिसॉर्ट आणि प्लॉटिंगसाठी उतार कापले जातात, पहिल्या जोरदार पावसात ती माती खाली येते. कश्यपी आणि गौतमी-गोदावरी ही धरणे गंगापूरच्या मदतीला झाली. पुढे मुकणेहून थेट जलवाहिनी आली, तिचे पाणी विल्होळीच्या केंद्रात शुद्ध होऊन पाथर्डी, इंदिरानगरच्या बाजूला जाते. दारणेचे चेहेडी बंधाऱ्यावरून नाशिकरोडला मिळते. हे सगळे मिळून शहराचे वार्षिक आरक्षण पाच-सहा हजार दलघफूच्या घरात असते.

१३५ लिटरने वीस लाख माणसांना वर्षाला साडेतीन हजार दलघफू पुरायला हवेत. मग आरक्षण त्याच्या दीडपट का? काही पाणी संस्थांना, दवाखान्यांना, हॉटेलांना, मंगल कार्यालयांना लागते, काही शुद्धीकरणात जाते, ते रास्त आहे. पण मोठा हिस्सा गळतीचा, मीटर नसलेल्या जोडण्यांचा आणि चोरीचा असतो. महापालिकेत नवी योजना मंजूर करून घेणे सोपे असते, तिला भूमिपूजन असते, नारळ असतो. जुन्या गल्लीत खड्डा खणून गळका जोड बदलायला कोणी नारळ फोडत नाही. लोकसंख्येवर खापर फोडले की ही गळती दिसेनाशी होते, आणि मला त्या युक्तिवादाचा राग येतो तो त्यामुळे.

धरणात पाणी आहे म्हणून ते सगळे नाशिकचे, असेही नाही. खाली जायकवाडी आहे. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्याने खोऱ्यातले पाणी समन्यायी वाटायचे आहे. मेंढेगिरी समितीने त्याचे कोष्टक दिले, आणि १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरून पाणी सोडावे लागते. २०२३ मध्ये नाशिक-नगरच्या धरणांतून ८.६ टीएमसी, म्हणजे ८,६०० दलघफू, सोडायचा आदेश निघाला. म्हणजे दीड गंगापूर. त्या वर्षी इथे मोर्चे निघाले, तिकडे संभाजीनगर-जालन्यातही निघाले. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत बसले की शहर, एमआयडीसी, द्राक्षबागा, खालचा मराठवाडा, सगळ्यांचे म्हणणे आपापल्या जागी खरे वाटते. शहर दरवर्षी आरक्षण वाढवून मागते ते कुणाच्या तरी आवर्तनातून, म्हणजे कालव्याने शेतीला मिळणाऱ्या पाण्याच्या पाळीतून येते. निफाडच्या कालव्यावर रब्बीचे एक आवर्तन कमी झाले की त्याला कोणी लोकसंख्येचा परिणाम म्हणत नाही, पण तो असतो.

याच जिल्ह्यात इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि येवला-नांदगावला पाचशेच्या आसपास. पण टँकर दोन्हीकडे धावतात. त्र्यंबक-पेठच्या पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यात बायका विहिरीत उतरून वाटीने पाणी भरतात, आणि त्याच डोंगरांतले ऊर्ध्व वैतरणाचे पाणी मुंबईला जाते. पेठ-सुरगाण्यात घरटी मुले शहरापेक्षा जास्त असतील, तरीही त्या घराला दिवसाला दोन हंडे मिळतात. इकडे गंगापूर रोडला दोन माणसांच्या बंगल्यात हिरवळीवर फवारा चालू असतो. ‘त्यांना मुले जास्त म्हणून ताण’ असे म्हणणाऱ्याने आधी दोन्ही घरांचे मीटर वाचावे. एका घरी मीटर नाही, कारण नळ नाही.

गटाराची गोष्ट पाण्याइतकीच महत्त्वाची आहे, फक्त तिला पुढारी मिळत नाही. घरात आलेल्या पाण्याचा साधारण ८० टक्के भाग मलजल होऊन बाहेर पडतो. पाणी वाढवले की गटार तेवढेच वाढवावे लागते, हा साधा नियम. तपोवन, आगरटाकळी, चेहेडी, पंचक इथे मलशुद्धीकरण केंद्रे आहेत, गंगापूरला झाले. पण केंद्र असणे आणि मलजल केंद्रापर्यंत पोचणे या दोन वेगळ्या गोष्टी. नव्या वसाहतीत भुयारी गटार यायला वर्षे लागतात, तोवर सेप्टिक टँक. तो भरला की त्याचे तोंड रात्री नाल्याकडे वळते. नासर्डी, वाघाडी, कपिला हे सगळे मुळात ओढे-नद्या, आता उन्हाळ्यातही वाहतात. ते पाणी झऱ्याचे नसते हे वासावरून कळते. जिथे गटार आहे तिथे पावसाळ्यात लोक गच्चीचे पाणी चेंबरमध्ये सोडतात, मग चेंबर रस्त्यावर उसळते आणि केंद्रात क्षमतेच्या कितीतरी जास्त पाणी येते. वीज गेली आणि जनित्रात डिझेल नसले की पंपिंग स्टेशनचे मलजल सरळ गोदावरीत.

यात आणखी एक पेच आहे. जुनी केंद्रे बाहेर पडणाऱ्या पाण्यात बीओडी, म्हणजे सेंद्रिय घाणीचे माप, लिटरला ३० मिलिग्रॅमपर्यंत चालेल या मापाने बांधलेली. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये हे माप १० वर आणले. योग्यच केले. पण जुन्या केंद्राकडून तीसऐवजी दहा काढायचे तर टाक्या, हवा देणारे ब्लोअर, वीज सगळेच बदलावे लागते, आणि केंद्र बंद ठेवून हे करता येत नाही, कारण वीस लाख लोक रोज सकाळी संडासला जाणारच.

ही घाण कुठे जाते हे पाहायचे असेल तर एखाद्या रविवारी ओढा, चांदोरी, सायखेडा असे गोदाकाठाने खाली जा. नदीवर हिरवा गालिचा दिसेल. पाणवेली. मलजलातला नत्र आणि साबणातला स्फुरद हे तिचे खाद्य. पूर आला की ही पाणवेल वाहून सायखेड्याच्या पुलाला अडते आणि पाणी गावात फिरते. त्याच्याही खाली नांदूरमध्यमेश्वर, महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ. जलाशयात गाळ आणि पाणवेल वाढत जाते तशी उघड्या पाण्याची जागा कमी होते. तिथे येणाऱ्या बदकांचा नाशिकच्या जनगणनेशी संबंध आहे तो इथे.

कचऱ्यावर फार बोलत नाही. घंटागाडी नाशिकने लवकर सुरू केली आणि ती बऱ्यापैकी चालते. पाथर्डीचा खत प्रकल्प मात्र कधीकाळी गावाबाहेर होता आणि आता गाव त्याच्या अंगाला जाऊन भिडले. प्रकल्प तुमच्याकडे आला नाही, तुम्ही त्याच्याकडे आलात, पण वास येतो हे खरेच. सुका-ओला वेगळा करून दिलात तर वास बराच कमी होतो, कारण सडतो तो मिसळलेला कचरा. वाहतुकीचे म्हणाल तर द्वारका चौकात उभे राहून जे दिसते त्यात माणसांपेक्षा गाड्या जास्त वाढल्या आहेत. सिटीलिंक २०२१ मध्ये आली, मेट्रो निओची त्याच वर्षी केंद्रीय अर्थसंकल्पात घोषणा झाली आणि ती अजून घोषणाच आहे. एवढे पुरे.

सिंहस्थाबद्दल मात्र बोलायलाच हवे, कारण नाशिकची सार्वजनिक कामे लोकसंख्येच्या नव्हे, सिंहस्थाच्या घड्याळावर चालतात. २००३, २०१५ आणि आता २०२६-२७. बारा वर्षांनी निधी येतो, मग रस्ते, घाट, पूल, जलवाहिन्या, केंद्रे एकदम निघतात. मधली दहा वर्षे डागडुजी. माणसे दरवर्षी येतात आणि व्यवस्था बारा वर्षांनी एकदा उडी मारते. शिवाय पर्वणीच्या दिवशी लाखो भाविकांसाठी केलेली सोय आणि रोजच्या रहिवाशाची गरज एका जागी नसतात. तपोवनातल्या साधुग्रामाला तात्पुरते नळ आणि शौचालये लागतात, म्हसरूळ-आडगावला कायमची मुख्य वाहिनी लागते. मला विचाराल तर सिंहस्थाच्या पैशातला पाइप जमिनीखाली कायमचा राहील असाच टाकला पाहिजे, आणि दिखाऊ काम शेवटी धरावे. बैठकींत हे बोललो की लोक मान डोलावत, पण निविदा घाटाच्या फरशीची आधी निघे.

नदी एकीकडे कोरडी पडते आणि दुसरीकडे घरात शिरते, हेही आपण बघितले. २०१६ च्या उन्हाळ्यात रामकुंड आटले आणि गुढीपाडव्याच्या स्नानाला टँकरने पाणी आणावे लागले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पूर आला आणि सगळे नाशिक दुतोंड्या मारुतीकडे, म्हणजे पुराची पातळी जिच्यावरून ओळखतात त्या गोदापात्रातल्या मूर्तीकडे बघत बसले, पाणी कमरेला लागले की छातीला. पाऊस कमी-जास्त होतो हे खरे, पण नाल्यांच्या काठावर आणि पूररेषेत घरे उभी राहिली, जमीन काँक्रिटने झाकली गेली, म्हणून तेच पाणी आता जास्त वेगाने नदीत येते. तिथे राहणारा हौसेने राहत नाही. त्याला परवडणारी जागा तेवढीच उरलेली असते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर यात आले. मुली शिकल्या, बाळंतपणे सुरक्षित झाली, मुले जगू लागली की कुटुंबे आपोआप लहान होतात. पेठ-सुरगाण्यातही तेच होत आहे आणि तिथे पैसा आरोग्य केंद्रावर आणि मुलींच्या वसतिगृहांवर खर्च व्हावा. शहराला मात्र हवे आहे ते वेगळेच: नळ आणि गटार आधी, बांधकाम परवानगी नंतर. आणि लोक सरसकट नाशकातच का येतात हाही प्रश्न विचारा. मनमाड, येवला, सटाणा, मालेगावात काम, कॉलेज आणि बऱ्यापैकी दवाखाना असता तर निम्मे आले नसते.

आता फ्लॅटचे. बिल्डरचे माहितीपत्रक बाजूला ठेवा. महापालिकेच्या पाणीपुरवठ्याच्या विभागीय कार्यालयात जाऊन तीन गोष्टी विचारा: त्या रस्त्यावरच्या वाहिनीचा व्यास किती, ती कोणत्या जलकुंभावर आहे, आणि त्या जलकुंभाला मुकणेचे पाणी मिळते की गंगापूरचे. विभागातला कनिष्ठ अभियंता सांगतो, न सांगितल्यास माहिती अधिकारात मिळते. इमारतीला महापालिकेचे नळ-जोडणीचे कागद आहेत की फक्त बोअरवेल, हे बघा. आपल्याकडचा काळा कातळ पाणी फारसे धरत नाही. वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत असेल तेवढेच, त्यामुळे जानेवारीत भरभरून चालणारी बोअर एप्रिलमध्ये कोरडी पडलेली मी पुष्कळ पाहिली. शेजारच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला मागच्या मे महिन्याची टँकरची बिले दाखवायला सांगा. ती खोटे बोलत नाहीत. भुयारी गटाराचे चेंबर रस्त्यावर आहे का, आणि इमारत त्याला जोडली आहे का हे स्वतः उभे राहून पाहा. पावसाळ्यात एकदा जा, शक्यतो रात्रभर पाऊस झाल्यावर सकाळी.

आणि पुढच्या जनगणनेत प्रगणक दारात आला की घरमालक काहीही म्हणो, भाडेकरू म्हणून स्वतःची आणि सोबत राहणाऱ्या सगळ्यांची नोंद तिथेच, नाशिकात करून घ्या. गावाकडे आईने तुमचे नाव पुन्हा सांगितले नाही ना, एवढे मात्र फोन करून विचारा.